असलेले नाव ‘अस्तित्वात नाही’ असे सांगणारा नेमसर्व्हर: निदान आणि दुरुस्ती

एखादे संकेतस्थळ सकाळी उघडते, दुपारी ‘सर्व्हर सापडला नाही’ असा संदेश देते आणि कोणी काहीही न करता संध्याकाळी पुन्हा उघडू लागते. एका संगणकावर ते दिसत नाही, शेजारच्या संगणकावर मात्र व्यवस्थित दिसते. स्थानिक रिझॉल्व्हरचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, कॅशे (उत्तरांचा तात्पुरता साठा) रिकामा केला की काही काळ सगळे सुरळीत चालते, त्यामुळे दोष रिझॉल्व्हरचाच होता असा समज होऊन तक्रार बंद केली जाते, आणि काही दिवसांनी तीच तक्रार परत येते. अशा बिघाडाच्या मुळाशी पुष्कळदा त्या डोमेनचा अधिकृत नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी स्वतःकडे ठेवून उत्तर देणारा सर्व्हर, असतो. तो बंद पडलेला नसतो. तो उत्तर देतो, वेळेवर देतो, पण चुकीचे देतो.

बंद पडलेला नेमसर्व्हर त्या मानाने निरुपद्रवी म्हणावा लागेल. त्याच्याकडून उत्तर आले नाही की रिझॉल्व्हर त्याच डोमेनच्या दुसऱ्या नेमसर्व्हरकडे वळतो, आणि वापरकर्त्याला फार तर थोडा उशीर जाणवतो. चुकीचे उत्तर मात्र रिझॉल्व्हर खरे मानतो, कारण ते अधिकृत ठिकाणाहून आलेले असते. तो ते कॅशेत ठेवतो, ठरलेल्या मुदतीपर्यंत सर्वांना तेच देत राहतो आणि दुसऱ्या नेमसर्व्हरला विचारण्याचे कारणच त्याला उरत नाही. देखरेख यंत्रणाही बहुधा नेमसर्व्हर प्रतिसाद देतो की नाही एवढेच पाहते, त्यामुळे तिथेही सर्व काही आलबेल दिसते.

नाव नसणे आणि नोंद नसणे

या बिघाडाचा सर्वांत चिवट प्रकार नकारार्थी उत्तरांमधील गोंधळातून जन्माला येतो. डीएनएसमध्ये, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेत, ‘नाही’ दोन तऱ्हांनी सांगता येते. पहिली तऱ्हा म्हणजे एनएक्सडोमेन, अर्थात प्रतिसाद-संकेत ३. त्याचा अर्थ असा की विचारलेले नाव अस्तित्वातच नाही, त्या नावाची कोणत्याही प्रकारची नोंद नाही. दुसऱ्या तऱ्हेला नोडेटा म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळा संकेत नाही: प्रतिसाद-संकेत ० म्हणजे नोएरर असतो, उत्तराचा विभाग रिकामा असतो आणि अधिकार-विभागात त्या झोनची (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या नावांच्या संचाची) मूलभूत माहिती देणारी एसओए नोंद असते. नाव आहे, फक्त विचारलेल्या प्रकारची नोंद नाही, असे हे उत्तर सांगते.

१९९८ च्या आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा दस्तऐवज) २३०८ ने नकारार्थी उत्तरे कॅशेत कशी ठेवायची याचे नियम घालून दिले, आणि घोटाळ्याचे बीज याच नियमांच्या काटेकोर पालनात आहे. नोडेटा उत्तर नाव आणि नोंदीचा प्रकार या जोडीवर साठवले जाते, एनएक्सडोमेन मात्र संपूर्ण नावावर साठवले जाते. आता असे समजा की ॲप.एक्झाम्पल.कॉम या नावाला आयपीव्ही४ पत्ता देणारी ‘ए’ नोंद आहे, पण आयपीव्ही६ साठीची क्वाड-ए (एएएए) नोंद नाही. क्वाड-ए विचारल्यावर नोडेटा यायला हवे. त्याऐवजी नेमसर्व्हर एनएक्सडोमेन पाठवतो. चौकीवर एखाद्या रहिवाशाचा फोन नंबर विचारावा आणि त्याच्याकडे फोन नाही म्हणून ‘असा कोणी इथे राहतच नाही’ असे सांगितले जावे, त्यातलाच हा प्रकार. रिझॉल्व्हर ते मनावर घेतो आणि पुढच्या माणसाने ‘ए’ नोंद विचारली तरी नेमसर्व्हरकडे न जाता ‘नाव अस्तित्वात नाही’ असे परस्पर सांगून टाकतो.

बिघाड कधी दिसतो आणि कधी नाहीसा होतो याचे कारणही इथेच सापडते. आजच्या बहुतेक कार्यप्रणाली ‘ए’ आणि क्वाड-ए असे दोन्ही प्रश्न जवळजवळ एकाच वेळी पाठवतात. कोणते उत्तर आधी आले, कॅशेतील ‘ए’ नोंदीची मुदत केव्हा संपली, तेवढ्यात कोणी क्वाड-ए विचारले होते का, अशा योगायोगांवर परिणाम ठरतो. शिवाय रिझॉल्व्हरच्या प्रत्येक बनावटीची वागणूक थोडी निराळी असते. वापरकर्त्याच्या बाजूचाही हिशेब धरावा लागतो: अल्पाइन लिनक्सवर चालणाऱ्या कंटेनरमध्ये (यंत्रातच प्रोग्रॅमसाठी केलेल्या वेगळ्या कप्प्यात) ‘मसल’ ही सी लायब्ररी असते, आणि दोनपैकी एका प्रश्नाला जरी एनएक्सडोमेन आले तरी ती नावच नाही असा निष्कर्ष काढते. त्यामुळे यजमान यंत्रावर चालणारे नाव कंटेनरच्या आत चालत नाही, आणि पुढचे अनेक तास कंटेनरचे नेटवर्क तपासण्यात वाया जातात.

हा दोष नवा नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४०७४ मध्ये क्वाड-ए प्रश्नांना नेमसर्व्हर कसे चुकीचे वागतात याची नोंद आहे: काही प्रश्न गिळून टाकतात, काही एनएक्सडोमेन पाठवतात, काही भलताच त्रुटी-संकेत देतात, काही क्वाड-ए नोंद म्हणून सोळा बाइटऐवजी चारच बाइटचा पत्ता पाठवतात, तर काही अधिकृत असूनही अनधिकृत असल्यासारखे उत्तर देतात. एवढ्या वर्षांनंतरही ही वर्णने जुनी झालेली नाहीत, फक्त नोंदीचा प्रकार बदलला आहे. २०२० पासून ॲपलच्या प्रणाली आणि त्यानंतर इतर ब्राउझर ‘एचटीटीपीएस’ हा ६५ क्रमांकाचा नोंदप्रकार विचारू लागले, आणि क्वाड-एच्या काळात नापास झालेली उपकरणे या परीक्षेतही तशीच नापास होताना दिसतात.

थेट नेमसर्व्हरला विचारणे

तपासाची सुरुवात रिझॉल्व्हरपासून करू नये, कारण तो फक्त ऐकीव माहिती सांगतो. प्रथम वरच्या झोनने, म्हणजे एक्झाम्पल.कॉमच्या बाबतीत ‘कॉम’च्या नेमसर्व्हरने, अधिकार कोणाकडे सोपवला आहे ते पाहावे. त्यानंतर त्या यादीतील प्रत्येक नेमसर्व्हरला, आणि एका नावामागे अनेक पत्ते असतील तर प्रत्येक पत्त्याला, स्वतंत्रपणे विचारावे. प्रश्न विचारताना ‘पुढे चौकशी करून सांगा’ ही विनंती काढून टाकावी, म्हणजे रिझॉल्व्हर जसा विचारतो तसाच प्रश्न जातो. डिग या साधनात ही आज्ञा अशी होईल:

डिग @एनएस१.एक्झाम्पल.कॉम ॲप.एक्झाम्पल.कॉम ए +नोरिकर्स
डिग @एनएस१.एक्झाम्पल.कॉम ॲप.एक्झाम्पल.कॉम एएएए +नोरिकर्स

या दोन उत्तरांचे शीर्षक एकाखाली एक ठेवून वाचावे. पहिल्यात नोएरर आणि दुसऱ्यात एनएक्सडोमेन असेल तर दोष सिद्ध झाला. अस्तित्वात असलेल्या एकाच नावाबद्दल ही दोन उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. दोन्हींमध्ये नोएरर असेल तर पुढे पाहावे: अधिकृत उत्तराची खूण असलेला ‘एए’ ध्वज आहे का, आणि दुसऱ्या उत्तरातील एसओए नोंद कोणत्या झोनची आहे? ती नोंदच नसेल, किंवा आपल्या झोनशी संबंध नसलेल्या नावाची असेल, तर रिझॉल्व्हरला ते उत्तर धड साठवता येत नाही आणि काही रिझॉल्व्हर ते सरळ फेटाळून सर्व्हफेल (‘सर्व्हर अयशस्वी’) देतात.

डिगच्या ‘ट्रेस’ या पर्यायावर अनेकांचा फार विश्वास असतो. तो मुळापासून वाट दाखवतो हे खरे, पण प्रत्येक टप्प्यावर यादीतील एकाच नेमसर्व्हरचे उत्तर घेऊन पुढे जातो. चारपैकी एकच नेमसर्व्हर चुकत असेल तर ट्रेस तीनदा निर्दोष निकाल देऊ शकतो. या कामासाठी ‘एनएससर्च’ हा पर्याय अधिक उपयोगी आहे, कारण तो डोमेनच्या प्रत्येक नेमसर्व्हरकडील एसओए नोंद एकाच वेळी समोर ठेवतो.

एक सापळा इथे आवर्जून सांगायला हवा. अनेक कार्यालयीन नेटवर्क आणि काही सेवादाते ५३ क्रमांकाच्या पोर्टवरील वाहतूक मध्येच अडवून स्वतःच्या रिझॉल्व्हरकडे वळवतात. आपण अधिकृत नेमसर्व्हरशी बोलत आहोत असे वाटते, प्रत्यक्षात उत्तर मधलाच कोणी देत असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: तोच प्रश्न काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा विचारावा आणि टीटीएलचा (उत्तर कॅशेत किती सेकंद ठेवायचे त्याचा) आकडा पाहावा. अधिकृत नेमसर्व्हर सामान्यतः प्रत्येक वेळी पूर्ण टीटीएल सांगतो. आकडा सेकंदासेकंदाने घटत असेल तर ते उत्तर कोणाच्या तरी कॅशेतून आले आहे. ‘एए’ नसणे आणि ‘आरए’ (पुढे चौकशी करून देण्याची सोय असल्याचा ध्वज) असणे ही त्याची जोडखूण समजावी. असे आढळल्यास बाहेरील नेटवर्कवरून चाचणी केल्याशिवाय कोणावरही ठपका ठेवू नये.

एकाच पत्त्यामागे एनीकास्टने जोडलेली अनेक यंत्रे असतील तर तपास आणखी चिकट होतो, कारण एका शहरातून विचारल्यावर बरोबर आणि दुसरीकडून चूक उत्तर येऊ शकते. आरएफसी ५००१ मधील ‘एनएसआयडी’ हा पर्याय लावला तर उत्तर देणारे यंत्र आपली ओळख सांगते, अर्थात ती सोय नेमसर्व्हर चालवणाऱ्याने चालू ठेवलेली असेल तरच.

चूक कुठून येते

अस्तित्वात असलेल्या नावाला एनएक्सडोमेन देण्याचा दोष नेहमीच्या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये सहसा आढळत नाही. बाइंड, एनएसडी, नॉट किंवा पॉवरडीएनएस यांना संपूर्ण झोन दिला की नकार कसा द्यायचा हे त्यांना ठाऊक असते. संशय घ्यावा तो डीएनएसचे थोडेसेच काम करणाऱ्या उपकरणांवर. जागतिक पातळीवर भार वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरकडे अनेकदा एकाच उपनावाचा अधिकार सोपवलेला असतो, आणि त्याच्या तक्त्यात त्या नावासमोर फक्त आयपीव्ही४ पत्ते लिहिलेले असतात. प्रश्न तक्त्यात बसला नाही की तो ‘सापडले नाही’ असे म्हणतो. उपकरण बदलण्याची गरज बहुधा नसते. त्यात त्या उपनावाचा पूर्ण झोन एसओए आणि एनएस (नेमसर्व्हरची नावे सांगणाऱ्या) नोंदींसह तयार करणे, किंवा तक्त्याबाहेरचे प्रश्न मागच्या खऱ्या नेमसर्व्हरकडे सोपवणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम होते. घरी लिहिलेल्या लहान डीएनएस प्रोग्रॅमची गोष्टही तशीच आहे. लिहिणाऱ्याने ‘नोंद सापडली नाही तर एनएक्सडोमेन’ अशी एक ओळ लिहिलेली असते, आणि ‘हे नाव इतर कोणत्या प्रकारात आहे का’ ही तपासणी राहून गेलेली असते.

याच चुकीचे दुसरे रूप मधल्या रिकाम्या नावांबाबत दिसते. झोनमध्ये अ.ब.एक्झाम्पल.कॉम या नावाची नोंद असेल आणि ब.एक्झाम्पल.कॉम या नावाची स्वतःची एकही नोंद नसेल, तरी ब.एक्झाम्पल.कॉम अस्तित्वात आहे असेच मानले जाते, कारण त्याच्या पोटात काहीतरी आहे. म्हणून त्याबद्दल विचारल्यास नोडेटा यायला हवे. अनेक वर्षे इथे चुकीचे एनएक्सडोमेन देऊनही कोणाला त्रास होत नसे, कारण मधले नाव कोणी विचारतच नसे. पुढे रिझॉल्व्हर खासगीपणासाठी प्रत्येक टप्प्यावर नावाचा फक्त गरजेपुरता भाग विचारू लागले. ही पद्धत २०१६ मध्ये आरएफसी ७८१६ ने मांडली आणि २०२१ मध्ये आरएफसी ९१५६ ने तिची सुधारित आवृत्ती दिली. आता मधले नाव विचारले जाते, एनएक्सडोमेन येते, आणि २०१६ च्याच आरएफसी ८०२० ने स्पष्ट केल्याप्रमाणे ‘हे नाव नाही म्हणजे त्याखालीही काही नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा रिझॉल्व्हरला पूर्ण अधिकार असतो. बाइंडने गरजेपुरता भाग विचारण्याची ही पद्धत २०१९ च्या ९.१४ आवृत्तीपासून सौम्य स्वरूपात मूळ ठेवणीतच चालू केली. सौम्य म्हणजे असे उत्तर आल्यास बाइंड पूर्ण नाव विचारून पाहते. ‘काल चालत होते, आमच्याकडे काही बदलले नाही’ असे नेमसर्व्हर चालवणारा सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. बदल दुसऱ्या टोकाला झालेला असतो, पण दोष मात्र पहिल्यापासून त्याच्याकडेच असतो.

जुने उत्तर, परके उत्तर

सगळीच चुकीची उत्तरे नकारार्थी नसतात. संकेतस्थळ नव्या यंत्रावर हलवल्यावर काही लोकांना जुने पान आणि काहींना नवे पान दिसत राहिले, तर दोन शक्यता आधी तपासाव्यात.

पहिली म्हणजे दुय्यम नेमसर्व्हर (प्राथमिक नेमसर्व्हरकडून झोनची प्रत घेणारा) मागे पडलेला असणे. एनएससर्चच्या निकालात सर्वांचा अनुक्रमांक (एसओए नोंदीतील झोनच्या प्रतीचा क्रमांक) सारखा हवा. झोन बदलला पण अनुक्रमांक वाढवला नाही, तर दुय्यम नेमसर्व्हरला बदल झाल्याचे कळत नाही. अनुक्रमांक चुकून फार मोठा लिहिला गेला आणि नंतर घाईने कमी केला, तर अवस्था आणखी बिकट होते, कारण दुय्यम नेमसर्व्हर आपल्याकडची प्रतच नवी आहे असे मानून नवा झोन घेण्याचे नाकारतो. अनुक्रमांकाचे गणित ३२ बिटांचे आणि चक्राकार आहे. म्हणून सध्याच्या चुकीच्या आकड्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मिळवावेत, बेरीज ४२९४९६७२९५ च्या पुढे गेल्यास ४२९४९६७२९६ वजा करावेत, सर्व दुय्यम नेमसर्व्हरनी ती प्रत घेतल्याची खात्री करावी आणि मगच हवा तो आकडा लिहावा. अनुक्रमांक योग्य असूनही प्रत मागेच असेल तर झोन हस्तांतरणाची परवानगी, त्याची गुप्त किल्ली (की) आणि टीसीपीचे ५३ क्रमांकाचे पोर्ट खुले आहे का हे पाहावे.

दुसरी शक्यता म्हणजे वरच्या झोनमधील नेमसर्व्हरची यादी आणि आपल्या झोनमधील यादी वेगळी असणे. नेमसर्व्हर बदलताना नोंदणीदाराकडील यादी बदलली जाते, पण झोनच्या आतील एनएस नोंदी जुन्याच राहतात. रिझॉल्व्हर वरून नवा पत्ता घेऊन येतो, आत शिरल्यावर त्याला जुनी यादी मिळते आणि ती अधिक अधिकृत असल्यामुळे पुढच्या वेळी तो जुन्याकडे जातो. जुन्या सेवादात्याकडे झोनची प्रत तशीच पडून असेल तर तो बिनदिक्कत कालबाह्य उत्तर देतो. प्रत काढून टाकली असेल तर तो रिफ्यूज्ड (‘उत्तर देणार नाही’) म्हणतो. ‘कॉम’च्या झोनमधील अधिकार सोपवणाऱ्या नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे. तेवढा काळ जुना नेमसर्व्हर चालू ठेवून त्यावरही नव्या नोंदी आणि नवी एनएस यादी ठेवणे आणि मग तिथला झोन पूर्णपणे काढून टाकणे, हा क्रम पाळला की बहुतेक त्रास टळतो. ग्लू म्हणून वरच्या झोनमध्ये नोंदवलेले नेमसर्व्हरचे पत्तेही याच वेळी तपासावेत, कारण यंत्राचा आयपी बदलल्यावर त्यांचा सर्वांना विसर पडतो.

आत आणि बाहेर वेगळी उत्तरे देणारे नेमसर्व्हर असतील तर तिसरी शक्यता उरते. बाहेरच्या माणसाला १० ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळत असेल, तर दुय्यम नेमसर्व्हरने चुकीच्या दृश्यातून (आतल्यांना किंवा बाहेरच्यांना दाखवायच्या नोंदींच्या संचातून) झोन उचलला आहे असे समजावे. तो प्राथमिक नेमसर्व्हरला आतील पत्त्यावरून हाक मारतो, म्हणून त्याला आतील झोन मिळतो आणि तोच तो जगाला वाटतो. दृश्याची निवड स्रोतपत्त्यावर न ठेवता प्रत्येक दृश्याला वेगळी टीसिग की (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) दिली की हा गुंता सुटतो.

झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटचा टिंब राहून गेल्यामुळे मेल.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम असे दुहेरी नाव तयार होणे ही फार जुनी आणि अजूनही ताजी चूक आहे. ‘नेम्ड-चेकझोन’ हे झोन तपासणारे साधन चालवल्यास एमएक्स (ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) किंवा एनएस नोंदीतील असे नाव पत्ता नसल्यामुळे लगेच उघडे पडते. एकाच नावावर सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) आणि दुसरी एखादी नोंद एकत्र ठेवली असेल तर तेही हे साधन पकडते.

विस्ताराचे वावडे

काही नेमसर्व्हर साध्या प्रश्नाला बरोबर उत्तर देतात आणि प्रश्नात ईडीएनएसचा विस्तार दिसला की बिथरतात. मूळ डीएनएसमध्ये यूडीपीवरील (आधी जोडणी न करता पाठवल्या जाणाऱ्या) संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा होती. १९९९ च्या आरएफसी २६७१ ने आणि नंतर २०१३ च्या आरएफसी ६८९१ ने ती वाढवण्याची सोय दिली. ज्याला हा विस्तार समजत नाही त्याने फॉर्मएरर (‘प्रश्नाची रचना चुकली’) द्यावे आणि रिझॉल्व्हरने साधा प्रश्न पुन्हा विचारावा, इतके सोपे हे प्रकरण होते. प्रत्यक्षात काही फायरवॉल असे प्रश्न गुपचूप टाकून देतात. रिझॉल्व्हर अनेक वर्षे त्यांना सांभाळून घेत होते, पण १ फेब्रुवारी २०१९ च्या ‘डीएनएस फ्लॅग डे’नंतर प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांमधून ही सवलत काढून घेण्यात आली. त्या तारखेच्या आसपास किंवा रिझॉल्व्हरची आवृत्ती वाढवल्यावर एखादे डोमेन कायमचे दिसेनासे झाले असेल तर कारण हेच असण्याचा संभव मोठा आहे.

नव्या आवृत्तीतील डिग न सांगताच ईडीएनएस आणि कुकी पाठवते, म्हणून तोच प्रश्न ‘+नोईडीएनएस’ लावून पुन्हा विचारावा. एकाला उत्तर आणि दुसऱ्याला मौन, असा फरक दिसला की नेमसर्व्हरच्या पुढ्यातील फायरवॉलकडे वळावे. त्यातील ‘डीएनएस तपासणी’ नावाचा विभाग, ज्यात ५१२ बाइटची मर्यादा किंवा ठरावीक नोंदप्रकारांनाच परवानगी असे जुने नियम असतात, तो बंद करणे हा बहुधा खरा उपाय ठरतो. मला स्वतःला ही तपासणी चालू ठेवण्यामागचा फायदा अजून पटलेला नाही. अधिकृत नेमसर्व्हरला कोणते प्रश्न कळतात हे त्यालाच ठरवू द्यावे.

२०२० च्या आरएफसी ८९०६ मध्ये अशा चाचण्यांची सविस्तर जंत्री आहे. त्यातील तीन चाचण्या एवढ्या वेळात होतात की त्या टाळण्याला कारण नाही. ‘टाइप१०००’ हा कोणालाच माहीत नसलेला नोंदप्रकार विचारला तर नोएरर आणि एसओए यायला हवे. ईडीएनएसची आवृत्ती १ विचारली तर बॅडव्हर्स (‘ही आवृत्ती चालत नाही’) हा संकेत यायला हवा. टीसीपीवरून विचारल्यास यूडीपीसारखेच उत्तर मिळायला हवे. टीसीपी ही ऐच्छिक सोय नाही, हे २०१६ च्या आरएफसी ७७६६ ने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मोठे उत्तर यूडीपीत मावले नाही की ‘टीसी’ ध्वज लावून छोटे उत्तर येते आणि रिझॉल्व्हर टीसीपीकडे जातो. तिथे दार बंद असेल तर फक्त मोठ्या नोंदी, उदाहरणार्थ लांबलचक टीएक्सटी किंवा डीएनएसएसईसीच्या (उत्तर अस्सल असल्याची खात्री देणाऱ्या) स्वाक्षऱ्या, मिळत नाहीत आणि बाकी सर्व ठीक दिसते. यूडीपीवरील कमाल आकार १२३२ बाइट ठेवावा ही २०२० च्या फ्लॅग डेची शिफारस पाळली तर पॅकेटचे तुकडे होऊन ते हरवण्याचा धोकाही कमी होतो.

डिग ‘अनपेक्षित स्रोताकडून उत्तर आले’ असे म्हणत असेल तर नेमसर्व्हरच्या यंत्राला अनेक पत्ते आहेत आणि तो एका पत्त्यावर आलेल्या प्रश्नाला दुसऱ्या पत्त्यावरून उत्तर देत आहे. रिझॉल्व्हर असे उत्तर योग्य कारणाने टाकून देतो.

दोष दुसऱ्याच्या नेमसर्व्हरमध्ये असेल तर

आपण फक्त रिझॉल्व्हर चालवत असू आणि चूक परक्या डोमेनची असेल, तर तात्पुरता आडोसा करता येतो. बाइंडमध्ये त्या ठरावीक पत्त्यापुरता ईडीएनएस बंद करता येतो, किंवा नाव अपुरे विचारण्याची पद्धत थांबवता येते. हे उपाय त्या एका नेमसर्व्हरपुरते किंवा शक्य तितक्या मर्यादित आवाक्यात ठेवावेत आणि शेजारी तारीख व कारण लिहून ठेवावे. सगळ्या नेटवर्कवरचा क्वाड-ए बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण एका डोमेनच्या दोषासाठी बाकी सर्वांचे आयपीव्ही६ तोडणे मला समर्थनीय वाटत नाही. स्थानिक यंत्राच्या होस्ट्स फाइलमध्ये पत्ता लिहिणे तर त्याहून वाईट, कारण पत्ता बदलेल तेव्हा ही ओळ कोणाच्याच लक्षात नसते.

खरी दुरुस्ती नेमसर्व्हर चालवणाऱ्यानेच करायची असते, आणि त्याला कळवण्याचा पत्ता झोनच्या एसओए नोंदीतच असतो: तिथल्या दुसऱ्या नावातील पहिल्या टिंबाच्या जागी ‘ॲट’ चिन्ह घातले की ईमेल पत्ता तयार होतो. ‘तुमचे संकेतस्थळ उघडत नाही’ असे लिहून उपयोग नाही. त्याच्याकडे ते उघडते. नेमसर्व्हरचा आयपी पत्ता, यूटीसीमधील वेळ, विचारलेला नेमका प्रश्न, दोन्ही प्रश्नांना आलेली संपूर्ण उत्तरे आणि त्याऐवजी काय यायला हवे होते हे लिहावे. ‘ए’ला नोएरर आणि क्वाड-एला एनएक्सडोमेन ही जोडी शेजारी शेजारी दाखवली की वादाला फारशी जागा राहत नाही.

दुरुस्ती झाल्यावर परिणाम लगेच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. चुकीचे नकारार्थी उत्तर रिझॉल्व्हरमध्ये किती काळ राहील हे एसओए नोंदीचा स्वतःचा टीटीएल आणि तिच्यातील शेवटचा आकडा यांपैकी जो लहान असेल त्यावर ठरते. आरएफसी २३०८ नुसार एक ते तीन तास ही योग्य मुदत आहे आणि एक दिवसापेक्षा मोठे आकडे त्रासदायक ठरलेले आहेत. दुरुस्तीच्या निमित्ताने हा आकडाही आवाक्यात आणावा. आपल्या ताब्यातील बाइंडवर ‘आरएनडीसी फ्लशनेम’ आणि अनबाउंड या रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरवर ‘अनबाउंड-कंट्रोल फ्लश_निगेटिव्ह’ चालवल्यास वाट पाहावी लागत नाही. गुगल पब्लिक डीएनएस आणि क्लाउडफ्लेअर यांनी आपल्या रिझॉल्व्हरमधील एखादे नाव पुसण्यासाठी सार्वजनिक पान उपलब्ध करून दिले आहे. एवढे झाल्यावर प्रत्येक नेमसर्व्हरला पुन्हा थेट विचारावे, या वेळी ‘ए’ आणि क्वाड-एसोबत ६५ क्रमांकाचा प्रकारही विचारावा, आणि तिन्ही उत्तरांत नोएरर आणि ‘एए’ ध्वज, तसेच नकारार्थी उत्तरांत योग्य झोनची एसओए दिसल्यावर आपण लावलेला तात्पुरता आडोसा काढून टाकावा.